एकाच विषयावर दोन भाषणं: एक माहिती देणारं, एक पटवून देणारं. तयारी वेगळी कशी करायची?

प्रश्न
रानपाखरू:

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत (दोन इमारती, ४८ फ्लॅट) गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरवेलमध्ये सोडायचा विचार चालू आहे. कमिटीने माझ्यावर दोन कामं सोपवली आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधीच्या एका रविवारी सभासदांना ही यंत्रणा असते कशी, ते १० मिनिटांत समजावून सांगायचं. नंतर प्रत्यक्ष सभेत ५ मिनिटं बोलून ठराव मांडायचा.

विचारायचं असं की दोन्हीकडे तेच मुद्दे, एकदा सविस्तर आणि एकदा थोडक्यात, असं चालेल का? आकडे किती द्यावेत? लिहून वाचावं, पाठ करावं की टिपणावरून बोलावं? आणि सभेत दोन गट ठाम विरोधात आहेत. एकाचं म्हणणं खर्च नको, दुसऱ्याचं म्हणणं बोअरचं आहे ते पाणीही खराब होईल. त्यांचा मुद्दा मीच काढावा की ते बोलले तरच उत्तर द्यावं?

—

शब्दवेल:

तेच भाषण आखडून चालणार नाही. रविवारी ऐकून गेलेल्या माणसाला ती गोष्ट दुसऱ्याला सांगता आली पाहिजे. सभेत ऐकणाऱ्याने हात वर केला पाहिजे. म्हणून तयारीला बसताना आधी प्रत्येक भाषणासाठी एकच वाक्य लिहा, तेही तुमच्या नव्हे, श्रोत्याच्या बाजूने. ‘मी पाऊसपाण्याबद्दल बोलणार आहे’ हे वाक्य कामाचं नाही. ‘घरी गेल्यावर सभासद सांगू शकेल की गच्चीतलं पाणी कोणत्या टप्प्यांतून बोअरपर्यंत जातं आणि दरवर्षी काय साफ करावं लागतं’ हे रविवारचं वाक्य. पुढे जो मुद्दा सुचेल तो या वाक्याला लावून बघायचा, बसला नाही तर काढून टाकायचा. भूजल कायदा, चेन्नईचा अनुभव, जागतिक पाणीटंचाई हे सगळं इथेच गळतं.

१० मिनिटांचं भाषण म्हणजे मराठीत साधारण १००० ते १२०० शब्द. वेग माणसागणिक बदलतो, म्हणून एक पान मोठ्याने वाचून स्वतःचा मोजून घ्या. त्यातलं पहिलं मिनिट प्रस्तावनेला, शेवटचं मिनिट उजळणीला. मधल्या आठ मिनिटांत मुद्दे तीनच: पाणी पडतं किती, ते जातं कसं, देखभाल काय. चौथा मुद्दा आला की आधीच्या तिघांतला एक लोकांच्या डोक्यातून निघून जातो.

क्रम विषयाच्या स्वभावावरून ठरवा. यंत्रणा सांगताना पाण्याच्या वाटेनेच जायचं: गच्ची, उताराचा पाइप, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारी तोटी, गाळणी, बोअर. श्रोता मनातल्या मनात त्या पाण्याबरोबर खाली उतरत असतो. मध्येच ‘हां, एक सांगायचं राहिलं, गच्ची आधी धुवावी लागते’ असं म्हणून त्याला परत वर नेलंत की तो सुटला. नवा शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा तिथेच अर्थ सांगायचा, एका वाक्यात, आणि मग शेवटपर्यंत तोच शब्द वापरायचा. एकदा ‘फिल्टर’, एकदा ‘गाळणी’, एकदा ‘शुद्धीकरण कक्ष’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. लिखाणात शब्द बदलत राहणं शोभतं, बोलण्यात नाही.

मुद्द्यांच्या मधली सांधणारी वाक्यं मात्र लिहूनच ठेवा. वाचणारा मागचं पान उलटू शकतो, ऐकणारा नाही. ‘पाणी किती पडतं ते पाहिलं. आता ते बोअरपर्यंत पोचतं कसं ते बघू.’ एवढंच, पण प्रत्येक वळणावर.

आकड्यांचं सांगते. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. हा एकच हिशोब श्रोत्यांपुढे उलगडून करा, कारण तो कळला की पुढचं त्यांना स्वतःला करता येतं. दोन्ही गच्च्या मिळून ४०० चौ.मी. धरल्या आणि पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिमीच्या आसपास धरला तर २,८०,००० लिटर. उडून जाणारं, वाफ होणारं, सुरुवातीला सोडून द्यायचं पाणी वजा करायला ०.८ ने गुणायचं: २,२४,०००. हा आकडा पडद्यावर असू दे, तोंडाने ‘सव्वादोन लाख लिटर’ म्हणा आणि लगेच ‘म्हणजे दहा हजार लिटरचे बावीस टँकर’. मग दोन सेकंद गप्प राहा. आकडा सांगून लगेच पुढचं वाक्य सुरू केलं तर आकडा हवेतच राहतो. अख्ख्या भाषणात असे आकडे तीन, फार तर चार.

—

तळटीप:

वरचं सगळं मान्य, फक्त बावीस टँकर जपून. एवढं पाणी गच्चीवरून *गोळा होतं* असं म्हणणं बरोबर. ‘आपले बावीस टँकर वाचतील’ म्हटलंत तर ते चूक, आणि सभेत एखादा इंजिनियर सभासद तिथेच पकडेल. जमिनीत सोडलेलं पाणी आपल्याच बोअरला परत मिळतं असं नाही. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, पाणी त्याच्या भेगांतून जातं, आणि भेगा सोसायटीची हद्द बघून थांबत नाहीत. शेजारच्या बोअरलाही त्याचा फायदा होतो. हे रविवारीच स्वच्छ सांगून टाका. माहितीच्या भाषणात उणी बाजू आधी सांगणाऱ्याचं सभेत ऐकून घेतात.

माझ्या मते तुमच्या दोन भाषणांतला खरा धोका इथेच आहे. रविवारी ‘नुसती माहिती देतोय’ असं म्हणून प्रत्येक वाक्यात माल विकत राहिलात तर लोकांना ते दहाव्या सेकंदाला कळतं, आणि मग सभेत तुमचे खरे आकडेही संशयाने ऐकले जातात. रविवारी तिन्ही पर्याय ठेवा: बोअरमध्ये सोडणं, टाकीत साठवून बागेला आणि गाड्या धुवायला वापरणं, आणि काहीच न करणं. प्रत्येकाचा खर्च, फायदा, कटकट सारख्याच वेळात. तुमचा कल कुठे आहे ते कुणी विचारलं तर लपवू नका, ‘माझं मत मी सभेत मांडणार आहे, आज फक्त पर्याय’ एवढं सांगा.

आता सभेतल्या पाच मिनिटांविषयी. पटवून देणाऱ्या भाषणात आधी ठरवायचं की वाद कशाबद्दल आहे. वाद तीन तऱ्हांचे असतात: अमुक खरं आहे का, अमुक चांगलं आहे का, अमुक करावं का. तुमचा तिसऱ्या तऱ्हेचा. पाऊसपाणी अडवणं चांगलं हे तुमच्या सोसायटीत कुणीच नाकारत नसणार, त्यामुळे ‘पाणी हेच जीवन’वर घालवलेली दोन मिनिटं फुकट. श्रोता अडलाय कुठे? खर्चावर आणि बोअर खराब होण्याच्या भीतीवर. बोलायचं तिथेच.

मांडणीला एक जुना आराखडा आहे, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवणाऱ्या ॲलन मन्रो यांनी १९३०च्या दशकात बांधलेला. पायऱ्या पाच: लक्ष वेधा, अडचण दाखवा, उपाय सांगा, तो केल्यावर किंवा न केल्यावर काय होईल ते डोळ्यांपुढे उभं करा, आणि काय करायचं ते नेमकं मागा. पाच मिनिटांत साधारण अर्धं मिनिट, एक, दीड, एक, आणि शेवटचं एक मिनिट मागणीला. बहुतेक भाषणं पाचव्या पायरीवर घसरतात. ‘तरी सर्वांनी यावर विचार करावा ही नम्र विनंती’ ही मागणीच नव्हे. विचार करतो म्हणून लोक घरी जातात.

विरोधी मुद्दा तुम्हीच काढा, आणि तो विरोधकाला ‘बरोबर, हेच माझं म्हणणं’ असं वाटेल इतक्या ताकदीने मांडा. अर्धवट मांडून हाणून पाडला तर तो उठून पुरा मांडतो आणि शेवटचा शब्द त्याचा होतो. बोअरचा मुद्दा असा: ‘काही सभासदांना काळजी आहे की गच्चीवरची घाण, पारव्यांची विष्ठा थेट बोअरमध्ये जाईल आणि आहे तेही पाणी जाईल. पहिल्या पावसाचं पाणी आत घेतलं तर ही काळजी खरीच ठरेल. म्हणून आराखड्यात तीन गोष्टी आहेत: पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडणारी तोटी, जाळी-खडी-वाळूची गाळणी, आणि पार्किंगमधून वाहणारं पाणी या पाइपला कुठेही न जोडणं. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर बोअरच्या पाण्याची तपासणी.’ काळजीला आधी खरं म्हणायचं, मग उत्तर. उलट क्रमाने केलं तर तो टोमणा वाटतो.

नाव घेऊ नका. त्यांच्याकडे बघूही नका त्या वाक्याला.

—

पूर्वरंग:

तळटीप यांनी ‘विरोधी मुद्दा स्वतः काढा’ म्हटलंय, त्याचा सगळ्यात चांगला नमुना हवा असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण बांधणीच्या नजरेने वाचा. संविधान सभेने फार वेळ घेतला, पैसा उधळला, असा आरोप होत होता. बाबासाहेब तो आरोप स्वतः सभागृहापुढे ठेवतात आणि मग इतर देशांनी किती वेळ घेतला ते सांगतात: अमेरिकेने चार महिने, कॅनडाने दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाने नऊ वर्षं, दक्षिण आफ्रिकेने एक वर्ष. पहिल्या नजरेला अमेरिका, दक्षिण आफ्रिका यांसारखी उदाहरणं आपल्याविरुद्ध जातात, कारण त्यांना आपल्यापेक्षा कमी वेळ लागला, तरी ती नावं गाळलेली नाहीत. पुढे फरकाचं कारण येतं: त्यांच्या घटना आपल्या निम्म्याहूनही लहान, आपली ३९५ कलमांची, आणि आपल्याकडे २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडून निकालात काढाव्या लागल्या. हा भाग निव्वळ माहितीचा आहे, पण तो तिथे आहे आरोपाचं उत्तर म्हणून. आणि अखेरीकडे, लोकशाही टिकवायची तर काय करावं लागेल हे सांगताना गोष्टी तीनच: संवैधानिक मार्ग सोडू नका, एका माणसाच्या पायाशी स्वातंत्र्य वाहू नका, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. अवघं संविधान समोर असताना तीन. यातून घ्यायचा तो संयम.

दुसरं, आपल्याकडच्या नारदीय कीर्तनात ही विभागणी आधीपासून आहे. पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण, उत्तररंगात तोच अर्थ एका आख्यानातून. आधी समजावणं, मग मनात उतरवणं, आणि मधे नामगजर, म्हणजे श्रोत्यांना बसल्याजागी जागं करणं. तुमचा रविवार म्हणजे पूर्वरंग, सभा म्हणजे उत्तररंग. गाडगेबाबांच्या कीर्तनाची पद्धत याहून वेगळी: ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेलं पटतं. सभेत असा एक प्रश्न वापरा, ज्याचं उत्तर एका शब्दात येतं आणि तुम्हाला आधीपासून माहीत आहे: ‘मे महिन्यात आपल्याकडे टँकर आले का?’ ‘आले.’ ‘किती?’ आणि मग बिलांची फाईल उघडून कोषाध्यक्षांना आकडा वाचायला सांगा. तो आकडा तुमच्या तोंडून येण्यापेक्षा त्यांच्या तोंडून येऊ द्या, वजन वेगळं पडतं.

भीती दाखवताना मात्र जपा. ‘दहा वर्षांत बोअर आटतील’ ऐकून माणूस गडबडतो, आणि करण्यासारखं काही हातात दिलं नाही तर तो विषयच झटकून टाकतो. भीतीच्या वाक्याला लागूनच करता येण्याजोगं काम यायला हवं.

वक्तृत्व स्पर्धेतला सूर सोसायटीच्या सभेत आणू नका. चारोळीने सुरुवात, मुठी आवळणं, ‘सज्जनहो’, शेवटच्या घंटेला टिपेला पोचणारा आवाज हे परीक्षकांपुढे ठीक. ज्यांना तुम्ही रोज लिफ्टमध्ये भेटता त्यांना ते नाटक वाटतं.

—

चौथी रांग:

मी फक्त उभं राहून बोलण्याबद्दल लिहितो.

वाचू नका आणि सगळं पाठही करू नका. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची साखळीच सापडत नाही, आणि सभेत कुणीतरी मध्ये बोलणारच. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं शब्दशः पाठ. मधल्या भागाला पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची कार्डं, एका बाजूलाच लिहिलेली, कोपऱ्यात क्रमांक घातलेली, प्रत्येकावर पाच-सहा शब्द आणि लागणारा आकडा. कागदाचं पान घेऊ नका. हात थरथरला तर कागद फडफडतो आणि माइकला ते ऐकू जातं, पुठ्ठा गप्प राहतो. सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून, निदान चार-पाच वेळा. मनातल्या मनात केलेला सराव नेहमी कमी वेळात संपतो, त्यामुळे दहा मिनिटांचं भाषण प्रत्यक्षात तेराला जातं. सरावात नऊ मिनिटांत बसवा.

माइक तोंडापासून चार बोटं ते वीतभर, नेमका समोर न धरता किंचित बाजूला. मराठीत फ, भ, थ, ठ भरपूर, आणि त्यांची हवा सरळ माइकवर गेली की स्पीकरमधून ‘भप्प’ असा ठोका येतो. ‘पहिल्या पावसाचं पाणी फेकून द्यायचं’ हे वाक्य बोलून तपासा, सगळं कळेल. शिट्टी वाजली तर माइकवर हात झाकू नका, त्याने वाढते. स्पीकरच्या समोर असाल तर मागे या, माइकचं तोंड स्पीकरकडे असेल तर वळवा. ‘हॅलो, हॅलो, चेक’ लोक यायच्या आधी आटपून घ्या.

स्लाइड रविवारी ठेवा, सभेत नको. सभेत लोकांनी तुमच्याकडे बघायला हवं. मराठी अक्षरं ३० पॉइंटच्या खाली नेऊ नका. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं लांबून एकमेकांत मिसळतात, रोमन अक्षरांपेक्षा लवकर. एका स्लाइडवर एक चित्र किंवा एक आकडा. फाईल पीडीएफ करूनच न्या. जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलं की अक्षरांचा चुरा होतो, आणि युनिकोड असलं तरी फॉन्ट बदलला की ओळी सरकतात. पाण्याच्या वाटेचं चित्र मात्र स्लाइडपेक्षा फळ्यावर काढत बोललात तर जास्त चांगलं. तुमचा हात जितक्या वेगाने रेघ ओढतो तितक्याच वेगाने श्रोत्याला कळत जातं.

घसा कोरडा पडत असेल तर कोमट पाणी, बोलायच्या आधी चहा टाळा. आणि जागेवर पोचल्यावर लगेच सुरू करू नका. कार्डं ठेवा, श्वास पूर्ण सोडा, मागच्या रांगेतल्या एका माणसाकडे बघा, मग पहिलं वाक्य.

—

रानपाखरू:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. सभेत मी पूर्ण खर्चाची मंजुरी मागावी का? आणि प्रश्नोत्तरं बोलण्याच्या आधी, मध्ये की शेवटी?

—

तळटीप:

पूर्ण खर्च या सभेत मागू नका. ज्याचा नकार ठाम आहे त्याला एका भाषणात होकारापर्यंत आणता येत नाही, एक पायरी मात्र हलवता येते. ठराव असा मागा की खर्चाला विरोध करणाऱ्यालाही हात वर करता यावा: ‘सर्वेक्षण करून घ्यावं, तीन कोटेशन मागवावीत, अहवाल विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.’ सर्वेक्षणाच्या खर्चाला रकमेची मर्यादा ठरावातच घाला. महापालिका मालमत्ता करात सवलत देते, पण दर आणि अटी आजच्या काय आहेत ते वॉर्ड ऑफिसातून लेखी घेऊनच सांगा. व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा नको.

विषय नोटिशीतल्या विषयपत्रिकेवर यायला हवा, आणि वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी जाते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’मध्ये ढकलला गेला तर तो शेवटी येतो. तोवर अर्धे लोक उठलेले असतात आणि उरलेल्यांचं लक्ष चहा-नाश्त्याकडे. कोरमसाठी सभा अर्धा तास तहकूब होणार हेही गृहीत धरा, म्हणजे पहिलं वाक्य ताज्या श्रोत्यांसाठी नव्हे, ताटकळलेल्यांसाठी बेता. सूचक तुम्ही, तर अनुमोदक आधी ठरवून ठेवा, आणि तो दुसऱ्या इमारतीतला असू दे.

—

शब्दवेल:

प्रश्नांचं: रविवारी प्रत्येक मुद्द्यानंतर एक-दोन घ्या, कारण दुसरा मुद्दा पहिल्यावर उभा आहे. उत्तर देण्याआधी प्रश्न स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगा. मागच्यांना तो ऐकूच गेलेला नसतो, आणि तुम्हालाही विचाराला चार सेकंद मिळतात. उत्तर येत नसेल तर ‘बघून गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाकते/टाकतो’ म्हणा आणि खरोखर टाका.

सभेत मध्ये प्रश्न घेऊ नका, ‘पाच मिनिटांत संपवून सगळे घेते/घेतो’ असं सुरुवातीलाच सांगा. पण शेवटच्या प्रश्नोत्तरावर भाषण सोडू नका. शेवटचा प्रश्न बहुधा पार्किंगबद्दल असतो आणि लोक तोच धरून मतदानाला जातात. प्रश्न संपले की अर्ध्या मिनिटात ठरावाचा मसुदा जसाच्या तसा पुन्हा वाचा आणि अध्यक्षांना मतदान घ्यायची विनंती करा. मसुद्याच्या छापील प्रती खुर्च्यांवर आधी ठेवू नका, लोक तुमचं ऐकायचं सोडून तेच वाचत बसतात. बोलणं संपल्यावर वाटा.